त्यांच्या नावाने उमटवलेले हात

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं सासरची माणसं म्हणतात. खोटं नाही. दूधवाल्यापासून तलाठ्यापर्यंत मी कोणालाही सुनावू शकते, आणि सुनावलेलं आहे. पण ज्या एका दिवशी उठून बोलायला हवं होतं, त्या दिवशी मी भर सभेत मिठाची गुळणी धरून बसले. त्या दिवसाबद्दल लिहायचं म्हणजे आधी इतरांवर भरपूर चिडावं लागेल, आणि मी चिडणारच आहे. माझा नंबर शेवटी येईल.

आमचं गाव मोहाडी तालुक्यातलं, करडीच्या बाजूचं. गावाला लागून मोठा तलाव आणि तलावापलीकडे पंचवीस-तीस घरांचा टोला. टोल्यावरचे लोक तलावात मासे धरतात आणि रोवणीच्या दिवसांत त्यांच्या बाया गावच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, धान रोवतात. ग्रामपंचायत दोघांची एकच, रेशनचं दुकान एकच, मतदानाची खोलीही एकच. तरी गावातलं माणूस ‘टोल्यावरचे’ म्हणतं तेव्हा त्याचा आवाज जरा बदलतो. टोल्यावर जायचं तर तलावाच्या पाळीवरून चालत जावं लागतं आणि वाटेत सांडवा लागतो. उन्हाळ्यात त्यावरून सायकल जाते. भर पावसाळ्यात मोठ्या माणसाच्या पोटरीला लागेल इतकं पाणी तिथून वाहतं. चार वर्षांच्या पोराला ते कमरेपर्यंत येतं.

मी डी.एड. झालेली. भरती निघेल, भरती निघेल म्हणता म्हणता माझं वय निघून गेलं. लग्न होऊन या गावात आले तेव्हा कपाटात प्रमाणपत्र आणि डोक्यात शिकवण्याचा किडा, एवढंच सोबत होतं. त्या किड्याला घरात एकाच माणसानं जागा दिली, माझ्या मोठ्या जावेनं. मी नवीन असताना खिचडी करपवली तर ती स्वतःवर घ्यायची. माझ्या बाळंतपणात दीड महिना तिनं मला विहिरीवर जाऊ दिलं नाही. सासूबाई माझ्या शिक्षणावरून टोमणे मारायच्या तेव्हा ती म्हणायची, "शिकली हाय तं शिकवू द्या ना तिले. तुमचं काय जाते?" मी तिला बाई म्हणते. हे सगळं आधी सांगते, कारण पुढे मी तिच्याबद्दल जे सांगणार आहे ते वाचून कोणाला वाटू नये की ती मुळातच वाईट होती. ती वाईट असती तर मला एवढं लागलंच नसतं.

एका रोवणीत मी आमच्या बांधीवर जेवण घेऊन गेले होते. बाया गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवत होत्या आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, त्यांची सात-आठ पोरं खताच्या रिकाम्या पिशव्या डोक्यावर घेऊन बसली होती. सकाळपासून बसली होती आणि संध्याकाळपर्यंत बसणार होती. अंगणवाडी गावात. पावसात सांडवा ओलांडून या लहानग्यांना तिथं कोण नेणार आणि कोण आणणार? माझा मुलगा त्याच वेळी घरी कोरड्या सतरंजीवर रंगीत खडूंनी भिंत खराब करत होता. मी धुऱ्यावर बसले आणि पऱ्ह्यांच्या पेंड्या मोजायचा खेळ सुरू केला. पोरं लगेच जमली. एक मुलगी मात्र बाजूला बसून राहिली. पेंड्या ती बरोबर लावत होती, पण तोंडातून शब्द नाही.

तिची आई रोवणाऱ्या बायांची म्होरकी होती. कोणत्या बांधीत किती बाया लावायच्या, कोण कोणाच्या शेजारी रोवेल, सगळं ती ठरवायची. तिशीची असेल, पण तिचं ऐकायला साठीच्या बायाही तयार असत. ती चिखलातूनच ओरडली, "ते नाही बोलनार, ताई. घरी पोपट हाय. गावातलं मानूस दिसलं का तिची वाचा बसते." मग कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहत म्हणाली, "शाळेत गेल्यावर काय होईल हिचं, याचीच काळजी वाटते मले. मीबी अशीच होतो. दोन वर्षं बसलो शाळेत आन् मंग गुरुजीनं समजलं का हे मुकी हाय."

तिला दुसरं काही नको होतं. पोरगी पहिलीत जाईपर्यंत तिनं परक्या माणसासमोर तोंड उघडावं, एवढंच.

पुढच्या रोवणीपर्यंत बरीच चक्रं फिरली. नागपूरची एक संस्था लहान मुलांसाठी शाळेबाहेरचे वर्ग चालवायला गावं शोधत होती. तिचे साहेब आले. बिनबाह्यांचं जाकीट, गोड बोलणं, आणि दर तिसऱ्या वाक्याला ‘लोकसहभाग’. संस्था चित्रांची पुस्तकं आणि लाकडी ठोकळे देणार होती. ग्रामपंचायत समाजमंदिर देणार. तुमसरच्या एका मिलवाल्यानं बसायला रिकामी बारदानं दिली, त्यांना कोंड्याचा वास यायचा आणि पोरं शिंकत बसायची. आमचा बचत गट खाऊ देणार. आणि आया आपला एकेक दिवस देणार. तलावाच्या पाळीवर सगळ्यांसमोर सभा झाली. ठरलं ते असं: दुपारी अंगणवाडी सुटल्यावर दोन तास वर्ग, तीन दिवस गावात आणि तीन दिवस टोल्यावर. शिकवणारी मी.

पाऱ्या आडव्यातिडव्या लावायची कल्पना माझी. पारी म्हणजे प्रत्येक आईनं आळीपाळीनं वर्गात बसायचा दिवस. मी म्हटलं, टोल्यावर वर्ग असेल त्या दिवशी गावातली आई बसेल आणि गावात असेल त्या दिवशी टोल्यावरची. पोरांना परक्या आईच्या मांडीची सवय झाली की शाळा परकी वाटणार नाही. साहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते लगेच वहीत उतरवून घेतलं. म्होरकी मात्र माझ्याकडे बघत राहिली.

"तुमच्या बाया येतीन आमच्याकडं?" तिनं विचारलं.

"काहून नाही येतीन?" मी म्हटलं.

आणि माझी मोठी जाऊ, बचत गटाची अध्यक्ष, हात वर करून म्हणाली, "पहिली पारी माझी लिहा." त्या क्षणी मला तिचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही.

टोल्यावर जागा नव्हती, म्हणून म्होरकीनं आपल्या घराची सपरी दिली, म्हणजे समोरची पडवी. तिथली जाळी, टोपल्या, नवऱ्याची मोडकी सायकल सगळं तिनं मागे नेऊन टाकलं आणि भिंत लाल मातीनं सारवून घेतली. टोल्यावरच्या बायांनी आपापसांत एक सोय केली होती. जिची समाजमंदिरात पारी, ती त्या दिवशी रोवायला जायची नाही, पण तिच्या वाटची ओळ बाकीच्या जणी वाटून रोवायच्या आणि ती हजर आहे असंच धरायच्या. भर रोवणीत, कंबर मोडलेली असताना, आणखी एका बाईचं काम अंगावर घ्यायचं म्हणजे काय, हे ज्यांनी दिवसभर चिखलात वाकून काढलंय त्यांनाच कळेल. एकीनंही पारी चुकवली नाही. धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून त्या समाजमंदिरात यायच्या आणि दाराजवळच बसायच्या. आत या म्हटलं तरी दाराजवळच.

आपली पहिली पारी झाल्यावर म्होरकीनं घरी जाऊन एक गंमत केली. आमच्याकडे नवं धान ढोलीत, म्हणजे मोठ्या कणगीत, भरलं की काही घरांत ढोलीवर तांदळाच्या पिठाचा हात उमटवतात. तसा तिनं सपरीच्या भिंतीवर आपला हात उमटवला. पारी झाली, पदरात पडलं, असं काहीसं तिच्या मनात असावं. पोरांना तो हात फारच आवडला. मग तोच नियम झाला. ज्या आईची पारी होईल तिनं भिंतीवर पिठाचा हात उमटवायचा. समाजमंदिराच्या भिंतीवर पंचायतीची स्वच्छतेची वाक्यं होती, ती खराब करायची नव्हती, म्हणून दोन्हीकडचे हात सपरीतच. उजवीकडे टोल्यावरच्या आया आणि डावीकडे गावातल्या.

उजवी बाजू भरत गेली. डावीकडे एकही हात नव्हता.

माझ्या जावेची पहिली पारी होती त्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आज घरी मजूर हायेत जेवाले. तू जाऊन राहिलीच हायेस ना, माझी पारी तूच कर. तुझं घरातलं काम मी करतो." आता यात मी काय बोलणार? मी दुपारी दोन-दोन तास घराबाहेर असायची तेव्हा माझ्या वाटचा स्वयंपाक, भांडी, गुरांचं पाणी तीच बघत होती. तिनं ते केलं नसतं तर वर्गच चालला नसता. एकत्र घरात असंच चालतं, एकीचं काम दुसरी करते आणि कोणी कोणाला बोलून दाखवत नाही. मी हो म्हटलं.

दुसरीच्या सासूला बरं नव्हतं. तिसरीला चिखलाची ॲलर्जी होती, हे मला त्या दिवशी कळलं. चौथी सांडव्यापर्यंत आली आणि चप्पल हातात घेऊन परत गेली. पाचवीनं खरं ते सांगून टाकलं, "ताई, तिथं बसाचं म्हटलं तं चहा घ्या म्हनतीन. घेतला तं घरी सासू बोलते, नाही घेतला तं त्याहिले वाईट वाटते. त्यापरीस गेलेलंच नाही बरं." मला तिची चीड आली आणि तिच्या खरेपणाचं बरंही वाटलं. बाकीच्या दर वेळी नवीन कारणं शोधत होत्या.

इकडे समाजमंदिरात टोल्यावरची बाई खाऊ वाटायला उठली की गावातली एखादी आई पटकन पुढे व्हायची, "द्या, मी वाटतो." अगदी हसून. एकदा एक आई आपल्या पोराला कानात म्हणाली, "घरी आल्यावर हातपाय धू बरं." पोरानं मोठ्यानं विचारलं, "काहून?" दाराजवळ बसलेल्या बाईनं मान खाली घालून आपल्या लुगड्याचा काठ नीट केला. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. पण मी गप्प बसले, कारण वर्ग नवीन आहे, ताणलं तर तुटेल, हळूहळू होईल, असं मी स्वतःला सांगत होते. हे ‘हळूहळू’ मी साहेबांकडून शिकले होते.

महिना झाला तेव्हा टोल्यावरच्या एका पोरानं डाव्या भिंतीकडे बोट करून मला विचारलं, "इकडचे हात कवा येतीन?"

मला लाज वाटली. आमच्या बायांची, गावाची, माझी स्वतःची. त्या दुपारी पोरं घरी गेल्यावर मी पीठ कालवलं आणि डाव्या बाजूला माझ्या जावेच्या नावानं माझा हात उमटवला. तिची पारी मीच केली होती, म्हणजे ते अगदी खोटंही नव्हतं, अशी मी मनाची समजूत घातली. पुढच्या वेळी दुसरीच्या नावानं. मग तिसरीच्या. कधी बोटं फाकवून, कधी जुळवून, कधी डावा हात. घरी येऊन जावेला सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "बरं केलं. माझा जरा मोठा उमटवाचा होता, अध्यक्ष हाओ मी." मीही हसले. त्या हसण्याचा आज मला सगळ्यात जास्त राग येतो.

हिवाळ्यापर्यंत भिंत दोन्हीकडून भरली. पोरं खुश झाली. आणि म्होरकीची पोरगी एका दुपारी, ठोकळे रचता रचता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे पडन." माझ्याशी बोललेला तिचा पहिला शब्द. मी विचारलं, "मग काय करू?" ती म्हणाली, "खाली मोठा ठेव." मी ठेवला. त्यानंतर ती रोज थोडंथोडं बोलू लागली. पण टोल्यावरच, स्वतःच्या सपरीतच. गावात आणलं की पुन्हा मुकी. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "येक साल अजून पायजे तिले. तेवढं भेटलं तं गाडी निघून जाईन पुढं."

दुसऱ्या वर्षीच्या रोवणीच्या तोंडावर साहेब आले. त्यांनी भिंतीचा फोटो काढला. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, मग मला आणि पोरांना समोर उभं करून. "ताई, हे बघा, दोन वस्त्या एका भिंतीवर," ते म्हणाले. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. मी फोटोसाठी हसले.

मग समाजमंदिरात सभा झाली. साहेबांनी सांगितलं की या वर्षापासून संस्थेची शिकवणारी बाई येईल, पण ती एकाच ठिकाणी येऊ शकते. म्हणजे वर्गाची जागा एकच ठरवावी लागेल. कुठे, ते तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवा. दाराजवळ टोल्यावरच्या सहा-सात बाया बसल्या होत्या. म्होरकी म्हणाली, "टोल्यावरच ठेवा. गावात अंगणवाडी हाय. आमच्याकडं तेवढंच हाय. आन् पानी आलं का आमचे लेकरं सांडवा कसे उतरतीन?"

तेव्हा माझी मोठी जाऊ उठली. पदर सावरून, अध्यक्षाला शोभेल अशा आवाजात बोलली. "साहेब, आमच्या बाया सालभर टोल्यावर गेल्या. पान्यापावसात, कामधंदे सोडून. भिंतीवर हात हायेत सगळ्याहिचे, तुमी फोटोच काढला. येक साल आमी गेलो, आता त्याहिनं यावं. बरोबर हाय का नाही?"

बायकांनी माना डोलावल्या. एकदाही न गेलेल्या बायकांनी. साहेब म्हणाले, "अगदी न्याय्य आहे."

मी जावेकडे पाहिलं. तिला माहीत होतं. तिच्या नावाचा ठसा माझ्या हाताचा होता, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि ती माझ्याकडे न बघता खाली बसली. माझ्या खोटेपणाची वीट तिनं उचलली आणि टोल्याच्या दाराला लावली. मला वाटलं, मी हिच्या हातचं जेवते, हिच्या पोरीच्या वेण्या घालते, आणि हिला मी ओळखतच नव्हते. असा दगा परक्यानं दिला असता तर मी त्याची चामडी सोलली असती.

आणि दाराजवळून म्होरकी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. वाट बघत होती. मी उठून एवढंच म्हणायचं होतं, साहेब, ते हात माझे आहेत. पाच शब्दांचं काम होतं. पण मग साहेबांना कळलं असतं की वर्षभर त्यांना फसवणारी मीच. गावात जावेचं नाक कापलं गेलं असतं, घरात मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी हातातल्या बांगड्या मागे-पुढे करत बसले. म्होरकीनं नजर काढून घेतली, पायात चपला घातल्या आणि बाकीच्या बायांना घेऊन निघून गेली. ठराव झाला.

पावसाळा चढला तशी टोल्यावरची पोरं कमी होत गेली. पहिल्या आठवड्यात बाया त्यांना कडेवर घेऊन सांडवा उतरवायच्या. मग रोवणी जोरात आली, कोणाला वेळ होईना. एक पोरगं पाण्यात घसरलं, चुलत्यानं हाताला धरून काढलं, त्यानंतर कोणीच आलं नाही. नवीन शिकवणारी बाई चांगली होती. ती मला म्हणाली, "टोल्यावरच्या पालकांमध्ये जागरूकता कमी आहे." मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

शेवटी मी टोल्यावर गेले. म्होरकी कामावरून नुकतीच आली होती, पायाचा चिखल धूत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. डावीकडचे हात माझे आहेत म्हणून सांगितलं. ती पाय धुतच राहिली.

"माहीत हाय," ती म्हणाली. "पहिल्या हातापासून माहीत हाय. लेकरं सांगत नाहीत काय मले, का गावातलं कोनी येत नाही, ताईच येते? माझ्याच भिंतीवर उमटवून राहिल्या, आन् मले नाही समजनार?"

"मग बोलली काहून नाहीस?"

"मले वाटलं, ताईले आपल्या बायांची लाज वाटून राहिली. लाज वाटनारं मानूस कवा ना कवा बोलते. मनून मी गप रायलो." तिनं लोटा उपडा ठेवला. "सभेत वाटलं, आता बोलसान."

मी म्हटलं, मी रोज दुपारी एकटी येते, संस्था नको, काही नको, इथंच सपरीत पोरांना घेऊन बसते. मला खरोखर वाटत होतं की ती खुश होईल.

"नका येऊ," ती म्हणाली. "तुमी येकट्या येसान तं परत तेच होईन. साऱ्या गावाची पारी तुमीच करसान आन् गाव मनन, आमी करून राहिलो. आधी तिथं बोला. मंग या."

घरी येऊन मी साहेबांना मोबाइलवर सगळं लिहून पाठवलं. लिहायला मला दीड तास लागला. त्यांचं उत्तर आलं, एक अंगठा आणि दोन जोडलेले हात. पुढच्या आठवड्यात संस्थेचं कॅलेंडर आलं, त्यावर ती भिंत होती.

मग बचत गटाच्या बैठकीत, जावेच्या शेजारी बसून, मी सगळ्यांसमोर बोलले. भिंतीवरचा डावीकडचा एकेक हात माझा आहे, तुमच्यातली एकही टोल्यावर जाऊन बसली नाही, आणि त्या खोट्यावर आपण त्या पोरांची जागा घेतली. आता भूकंप होणार असं मला वाटलं. जाऊ उठून जाईल, कोणीतरी रडेल, कोणीतरी मला खोटारडी म्हणेल, अशी सगळी तयारी मी करून आले होते.

जाऊ माझ्याकडे वळून अगदी प्रेमानं म्हणाली, "तं काय झालं? तुझ्या घरच्या पाऱ्या मी नाही केल्या का सालभर? मी कोनाले सांगत फिरलो का?"

बायका हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते, आपल्या माणसांतलं हसणं होतं. एकीनं मला कोपरानं ढोसलं, "तुमाले येवढं मनाले लावून घ्यायची सवयच हाय, ताई." दुसरी म्हणाली, "फोटोत तं आमचंच नाव हाय ना?" आणि मग खाऊच्या विषयाकडे बोलणं गेलं. ज्या लाजेवर मी वर्षभर पीठ लावत बसले होते ती लाज त्यांना नव्हतीच. मला वाटत होतं मी त्यांना वाचवतेय. त्यांना वाचवण्यासारखं काही झालंय, हेच त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पाळीवरून गेले.

"बोलल्या?" म्होरकीनं विचारलं.

"बोलले."

"मंग?"

"हसल्या."

तिनं मान हलवली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. "आमाले माहीत होतं," ती म्हणाली. "तुमालेच माहीत नव्हतं." तिनं मला बसायला चटई टाकली, चहा दिला, रोवणी कुठपर्यंत आली ते सांगितलं. वर्गाबद्दल ती काही बोलली नाही. पोरगी आईच्या पाठीमागे होती. मी तिच्याशी बोलायला गेले तर तिनं तोंड फिरवलं. एका पावसाळ्यात मी पुन्हा गावातलं माणूस झाले होते.

जावेशी माझं बोलणं चालू आहे. एका घरात न बोलून कसं चालेल? पण आता मी माझी भांडी स्वतः घासते आणि ती विचारते, "काहून गं, रागावली काय?" आणि मी म्हणते, नाही.

पुढच्या जूनअखेर शाळा सुरू झाली. माझ्या मुलाला दुसरीत सोडायला गेले होते तेव्हा म्होरकी पोरीला पहिलीत बसवायला आली होती. पोरीच्या केसांना तेल, नवा गणवेश, हातात पिशवी. गुरुजी चांगले आहेत, पोरांवर ओरडत नाहीत. वाकून त्यांनी विचारलं, "नाव काय बाळा तुझं?"

पोरगी गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. ती जमिनीकडे बघत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. सपरीत हीच मुलगी मला ठोकळे कसे लावायचे ते शिकवायची. मला राहवलं नाही, मी पुढे झाले आणि तिचं नाव सांगायला तोंड उघडलं.

म्होरकीनं माझ्या दंडावर हात ठेवला.

"तुमी नका सांगू, ताई," ती म्हणाली. "तिच्या जागी तुमी नका बोलू."

मी मागे सरकले. आम्ही तिघंही थांबलो, गुरुजी, म्होरकी आणि मी. पोरगी काही बोलली नाही. गुरुजींनी थोडा वेळ वाट पाहिली, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पोराला बोलावलं.